हाडांच्या सीटीमध्ये टेंडन शोधताना

टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सीटीवर दिसतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकायला हवं, कारण टेंडन म्हटलं की सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि सीटी म्हटलं की हाड, अशी वाटणी बहुतेकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. आकडे वेगळं सांगतात. निरोगी टेंडनची घनता साधारण 75 ते 115 हाऊन्सफिल्ड युनिट (सीटीत घनता मोजण्याचं एकक), शेजारच्या स्नायूची 45 ते 60 च्या आसपास आणि दोघांना वेढणाऱ्या चरबीची उणे 100 च्या जवळपास. चरबी आणि टेंडन यांच्यात साधारण 175 ते 215 युनिटांचं अंतर पडतं. घोटा, पाऊल, मनगट अशा ठिकाणी टेंडन चरबीतून आणि हाडाला लगटून जातात, तिथे एवढं अंतर भरपूर झालं. अपघातातल्या रुग्णाचा फ्रॅक्चरसाठी सीटी होतोच आणि त्याच स्कॅनमध्ये टेंडनची माहितीही आलेली असते. ती हाती न लागण्याची कारणं बहुधा दोनच. मऊ ऊतींच्या प्रतिमांची वेगळी मालिका कोणी बनवलेली नसते, किंवा वाचणारा हाडापाशीच थांबतो.

पहिलं कारण दूर करणं सोपं आहे. हाडांच्या स्कॅनमध्ये प्रतिमा तीक्ष्ण कर्नेलने (कच्च्या डेटावरून प्रतिमा घडवणाऱ्या गणिती गाळणीने) बनवतात. त्यामुळे हाडाची कडा रेखीव दिसते, पण नॉइज (प्रतिमेतला दाणेदारपणा) इतका वाढतो की टेंडन आणि स्नायू यांच्यातला तीस-चाळीस युनिटांचा फरक त्यात बुडून जातो. अशी मालिका सॉफ्ट टिश्यू विंडोवर (मऊ ऊती दिसाव्यात अशा बेतलेल्या राखाडी छटांवर) उघडली की सगळं चित्र दाणेदार दिसतं आणि ‘सीटीवर टेंडन कळतच नाही’ हा समज आणखी घट्ट होतो. विंडो बदलली म्हणून कर्नेल बदलत नाही. म्हणून आम्ही हातापायाच्या प्रत्येक ट्रॉमा स्कॅनमध्ये दोन मालिका मागतो. एक हाडाच्या कर्नेलची, 0.6 ते 1 मिमी जाडीची. दुसरी मऊ कर्नेलची, 1 मिमी जाडीची, पण दर 0.5 ते 0.7 मिमीला एक स्लाइस, म्हणजे स्लाइस एकमेकींवर थोड्या चढलेल्या. दुसरीसाठी रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागत नाही आणि डोसही वाढत नाही; ती त्याच कच्च्या डेटावरून बनते. मात्र मशीनवरचा कच्चा डेटा थोड्याच दिवसांत पुसला जातो, गर्दीच्या मशीनवर तर त्याहून लवकर. सर्जनचा प्रश्न आठवड्याने आला आणि हाती फक्त हाडाची मालिका उरली असेल, तर तीच एमपीआरमध्ये (हव्या त्या प्रतलात प्रतिमा पुन्हा कापणाऱ्या सोयीत) उघडून 3 मिमीचा सरासरी स्लॅब (शेजारच्या स्लाइसांची सरासरी काढून एक जाड स्लाइस) लावायचा. नॉइज बराच उतरतो. टेंडन जागेवर आहे की नाही, एवढं त्यातून वाचता येतं. आतल्या पोताबद्दल मात्र त्यावरून काही बोलू नये.

इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (फेऱ्याफेऱ्यांनी गणित करून नॉइज उतरवणारी पद्धत) मध्यम पातळीवर ठेवावं. फार चढवलं तर कडा कृत्रिमपणे गुळगुळीत होतात आणि शेजारशेजारचे दोन बारीक टेंडन एकच वाटू लागतात. ट्यूबचं व्होल्टेज 120 केव्ही ठीक असतं. हाडच पाहायचंय म्हणून करंट अगदी तळाला नेलेले प्रोटोकॉल असतात, ते टेंडनच्या मुळावर येतात. घोट्याच्या सीटीचा परिणामी डोस 0.1 मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो; तिथे आणखी काटकसर करून मऊ ऊती गमावण्यात हशील नाही.

रुग्णाला कसं ठेवलं यावर अर्धं काम ठरतं. दुखरा पाय गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) बरोबर मध्यावर हवा आणि दुसरा गुडघ्यात वाकवून स्कॅनच्या क्षेत्राबाहेर. दोन्ही पाय एकत्र घेतले की एका टाचेच्या हाडाचे पट्टे (प्रतिमेत उमटणाऱ्या खोट्या रेघा) दुसऱ्या घोट्यावर पडतात. फील्ड ऑफ व्ह्यू (प्रतिमेत घेतलेल्या क्षेत्राची रुंदी) घोट्याला 14 ते 16 सेंमी आणि मनगटाला 10 ते 12 सेंमी पुरे. स्कॅन मोठ्या क्षेत्राचा झाला असला तरी रिकन्स्ट्रक्शन छोट्या क्षेत्राचं मागता येतं. मनगटासाठी रुग्णाला पालथं झोपवून हात डोक्यावरून पुढे घेणं उत्तम. बहुजखमी रुग्णात ते शक्य नसतं. हात धडाशेजारी राहतो, धडातून आलेले पट्टे मनगटावर पडतात आणि तेव्हा टेंडनबद्दल जपूनच लिहावं लागतं. प्लास्टरची अडचण नाही, धातूच्या पट्टीचा स्प्लिंट असेल तर तो उतरवता येतो का ते ऑर्थोला विचारून घ्यावं. आणखी एक गोष्ट पाहण्याची: पाऊल कोणत्या कोनात आहे. स्प्लिंटमध्ये ते बहुधा खाली झुकलेलं असतं आणि त्या स्थितीत घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल टेंडन ढिले पडून आपल्या खोबणीत परत जाऊ शकतात. हा मुद्दा पुढे टाचेच्या फ्रॅक्चरमध्ये पुन्हा येईल.

स्कॅन सांधा बसवण्याआधी झाला की नंतर, हे मागणीच्या कागदावर क्वचितच लिहिलेलं असतं, पण आम्ही ते विचारतोच. आधीच्या स्कॅनमध्ये सगळंच सरकलेलं असतं. टेंडन जागेवर नाही हे तेव्हा जवळपास अपेक्षितच असतं. सांधा बसवल्यावर किंवा एक्सटर्नल फिक्सेटर (पिनांनी हाडाला धरणारी बाहेरची चौकट) लावून हाड ताणल्यानंतर केलेल्या स्कॅनमध्येही टेंडन फटीत दिसला, तर त्याला खरा अर्थ आहे. फिक्सेटरच्या पिना फ्रॅक्चरपासून लांब असतात, त्यामुळे त्यांचे पट्टे सहसा आड येत नाहीत. गॅन्ट्रीच्या पातळीत येणारे क्लॅम्प त्रास देतात, ते फ्रॅक्चरच्या उंचीवर बसवू नका असं सर्जनला आधी सांगितलं तर ऐकतातही.

वाचायला बसल्यावर दोन खिडक्या शेजारी लावायच्या. डावीकडे हाड, विंडोची रुंदी 2000 आणि पातळी 500. उजवीकडे मऊ कर्नेल, रुंदी 300 ते 350 आणि पातळी 60 ते 70. पोटाच्या नेहमीच्या विंडोपेक्षा (रुंदी 400, पातळी 40) ही थोडी अरुंद आणि वर सरकवलेली आहे, त्यामुळे स्नायू राखाडी आणि टेंडन स्पष्ट उजळ दिसतो. दोन्ही खिडक्या एकमेकींना जोडलेल्या हव्यात, कारण टेंडनजवळचा हाडाचा कपचा एका खिडकीत कळतो आणि तो कशाला चिकटलाय हे दुसरीत.

मग एकेक टेंडन धरायचा आणि शेवटपर्यंत न्यायचा. सुरुवात फ्रॅक्चरपासून करू नये. जखमेच्या बरंच वर, जिथे शरीररचना शाबूत आहे तिथे, स्नायूतून टेंडन निघताना दिसतो. तिथे त्याला नाव द्यायचं, कर्सर त्याच्यावर ठेवायचा आणि स्लाइसमागून स्लाइस खाली उतरायचं. फ्रॅक्चरच्या गोंधळात तो हरवला तर उलट बाजूने, म्हणजे हाडावरच्या त्याच्या टोकापासून वर यायचं. दोन्हीकडून येऊनही मधला तुकडा जुळत नसेल, तरच खंड पडल्याची शंका घ्यावी. फ्रॅक्चरच्या पातळीवरच्या एकाच स्लाइसवर टेंडन ‘दिसत नाही’ म्हणून तुटला असं लिहिणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

टेंडन वळतो तिथे प्रतलही वळवावं लागतं. घोट्याच्या वर अ‍ॅक्शियल (पायाच्या लांबीला आडवी छेदणारी) स्लाइस टेंडनला आडवी कापते, म्हणून तो गोल किंवा लंबगोल दिसतो. घोट्याच्या खाली तोच टेंडन पुढे वळून तळव्याकडे जातो, आणि अ‍ॅक्शियल स्लाइस त्याला लांबीत कापू लागते. तिथे कोरोनल (शरीर पुढचं-मागचं असं विभागणाऱ्या प्रतलातली) किंवा तिरपी कोरोनल प्रतिमा घ्यावी. वर अ‍ॅक्शियल, खाली कोरोनल, एवढं हाताशी धरलं तरी पावलातला बराच संभ्रम मिटतो. एमआरआयमध्ये टेंडन वळतो तिथे मॅजिक अँगलमुळे (टेंडन आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यातल्या एका विशिष्ट कोनामुळे) खोटा उजळपणा येतो. सीटीत तो प्रकार नाही, पण पार्शियल व्हॉल्यूमचा आहे: तिरका कापलेला बारीक टेंडन चरबीत मिसळून फिका पडतो आणि फाटल्यासारखा भासतो. प्रतल त्याच्याशी काटकोनात आणलं की तो पुन्हा भरीव दिसतो.

नेमकं शोधायचं काय? टेंडन आपल्या खोबणीत आहे का. फ्रॅक्चरच्या तुकड्यांमध्ये किंवा सांध्यात अडकलाय का. सलग आहे का. आणि त्याच्या टोकाला किंवा त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याला हाडाचा कपचा निघालाय का. या चार प्रश्नांची उत्तरं सीटी चांगली देतो. अर्धवट फाटणं, उभी चीर, टेंडनची जुनी झीज यांबद्दल तो भरवशाचा नाही. जाडी वाढलेली, पोत फिका आणि भोवतालची चरबी धुरकट दिसली तर शंका नोंदवता येते, निदान करता येत नाही. एकंदरीत टेंडन कुठे आहे हे सीटी सांगतो, कसा आहे हे नाही. आणि जखमी रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनला पहिल्याच गोष्टीची जास्त निकड असते.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घोट्याच्या आतल्या बाजूला देतो. नडगीच्या हाडाचं खालचं टोक उभ्या माऱ्याने फुटतं, ज्याला पिलॉन फ्रॅक्चर म्हणतात, तेव्हा मागच्या-आतल्या तुकड्याच्या फटीत टेंडन खेचला जातो. आतल्या घोट्याच्या मागे पुढून मागे क्रम असा: टिबियालिस पोस्टीरियर, फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस (पायाची बोटं वाकवणारा), मग रक्तवाहिन्या आणि नस (नर्व्ह), आणि सगळ्यात मागे खोलवर फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस (पायाचा अंगठा वाकवणारा). अडकतो तो बहुतेक वेळा टिबियालिस पोस्टीरियर, कारण तो हाडाच्या खोबणीत सगळ्यात घट्ट बसलेला असतो आणि फ्रॅक्चरची रेघ नेमकी त्या खोबणीतून जाते. तो शेजारच्या फ्लेक्सर डिजिटोरमच्या साधारण दुप्पट जाड असतो. हे प्रमाण ओळखीसाठी कामाला येतं. सांध्याच्या पृष्ठभागापासून वर दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात अ‍ॅक्शियल स्लाइस सावकाश पाहाव्यात. खोबण रिकामी आणि आतला घोटा व मागचा तुकडा यांच्यामध्ये 80-90 युनिटांची मऊ पट्टी, असं चित्र असलं की तो अडकलेला टेंडन आहे असं धरून चालावं आणि वरून-खालून माग काढून खात्री करावी.

फसवतं ते गोठलेलं रक्त. ताज्या गुठळीची घनता 50 ते 70 पर्यंत, कधी त्याहून थोडी वर जाते, म्हणजे टेंडनच्या अगदी जवळ. एकट्या आकड्यावर भिस्त ठेवली तर दोन्हीकडे चुका होतात. गुठळीला दोन टोकं नसतात, ती फटीचा आकार घेते. टेंडनला वर स्नायू आणि खाली हाड असतं. शिवाय बारीक टेंडनवर आकडा मोजताना वर्तुळ त्याच्या कडेबाहेर गेलं की चरबीमुळे आकडा पडतो आणि हाडाला टेकलं की उगाच चढतो. वर्तुळ टेंडनच्या जाडीच्या निम्म्याहून मोठं काढू नये.

प्रत्येक टेकलेला टेंडन अडकलेला नसतो. आम्ही तीन शब्दांत फरक करतो: खोबणीत, टोकावर, फटीत. टोकावर म्हणजे तुकड्याच्या धारदार कडेवरून टेंडन ताणला गेलाय, पण आत गेलेला नाही. फटीत म्हणजे टेंडनच्या जाडीचा काही भाग तरी दोन तुकड्यांच्या मध्ये आहे. या दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक सर्जनला लगेच उपयोगी पडतो. फटीतला टेंडन बाहेर काढल्याशिवाय तुकडे जुळत नाहीत, त्यासाठी मागच्या-आतल्या बाजूने वाट काढावी लागते, आणि समोरून शस्त्रक्रिया ठरवलेली असेल तर बेत बदलतो. फिक्सेटरवर पुरेसा ताण असूनही एकच फट हट्टाने उघडी राहिली असेल, तर तिथे काहीतरी आहे असं समजूनच पाहावं. त्याच फटीत रक्तवाहिनी आणि नस ओढली गेली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यायचं.

टाचेच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये गोष्ट बाहेरच्या बाजूची. बाहेरची भिंत फुगून बाहेर येते आणि पेरोनियस लाँगस व ब्रेव्हिस यांना फिब्युलाकडे (पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाकडे) ढकलते. ब्रेव्हिस हाडाला चिकटून, चपटा. लाँगस त्याच्या मागे-बाहेर, गोलसर. दोघांना खोबणीत धरून ठेवतो तो सुपीरियर पेरोनियल रेटिनॅक्युलम. हा पट्टा फिब्युलावरून सोलून निघाला की टेंडन बाहेर आणि पुढे सरकतात. अ‍ॅक्शियल स्लाइसवर ते फिब्युलाच्या मागे न दिसता बाजूला किंवा चक्क पुढे दिसतात. पट्टा निघताना फिब्युलाच्या बाहेरच्या कडेचा पातळ कपचा बरोबर घेऊन येतो. त्याला फ्लेक साइन म्हणतात. कपचा कागदाइतका पातळ असू शकतो, त्यामुळे तो हाडाच्या कर्नेलवर आणि अ‍ॅक्शियल व कोरोनल या दोन्हींत शोधावा. 3 मिमीच्या स्लाइसमध्ये तो सहज विरून जातो. फिब्युलाचं टोक स्कॅनच्या क्षेत्रात पुरतं येईल इतक्या वरून स्कॅन सुरू करायला हवा. ‘टाच’ म्हणून मागितलेल्या स्कॅनमध्ये वरची हद्द नेमकी तिथेच कापलेली असते.

कपचा आहे पण टेंडन खोबणीत आहेत, असंही दिसतं. याचा अर्थ सगळं ठीक असा नाही. वर म्हटल्याप्रमाणे पाऊल खाली झुकलेलं असलं की टेंडन परत आत जातात. पट्टा मात्र सुटलेलाच असतो. अशा वेळी आम्ही रिपोर्टमध्ये पावलाची स्थिती लिहितो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर टेंडनचं स्थैर्य तपासावं असं सुचवतो. सर्जन टेंडनच्या आवरणात बोथट हत्यार घालून पुढे ढकलून पाहतात. पट्टा सैल असेल तर ते फिब्युलावरून पुढे सरकतं. फ्रॅक्चर जितकं जास्त तुकड्यांचं आणि भिंत जितकी बाहेर आलेली, तितकी ही जखम असण्याची शक्यता जास्त. ही जखम रिपोर्टमधून सर्रास निसटते. हाडाचा आकार नीट बसवला तरी सरकलेले टेंडन तसेच राहिले तर रुग्णाला बाहेरच्या बाजूचं दुखणं आणि घोट्यावर काहीतरी खटकन सरकल्याची जाणीव राहते, आणि दोष फ्रॅक्चरच्या जोडणीवर जातो.

भिंतीने चेपलेला टेंडन आणि सरकलेला टेंडन हे वेगळे. भिंत आणि फिब्युलाचं टोक यांच्या चिमटीत टेंडन चपटा झालेला पण जागेवर असेल तर भिंत आत बसवल्यावर तो मोकळा होतो. पावलाच्या बाहेरच्या बाजूच्या क्युबॉइड हाडाजवळ ऑस पेरोनियम (पेरोनियस लाँगसमधलं छोटं जादा हाड) असेल, तर ते दोन तुकड्यांत फाटलंय का किंवा नेहमीच्या जागेहून वर खेचलं गेलंय का हेही पाहावं. तसं असेल तर पेरोनियस लाँगस तुटला असण्याचा संशय बळावतो.

टाचेच्या आतल्या बाजूला सस्टेन्टॅक्युलम टॅलाय नावाची हाडाची फळी आहे आणि तिच्याखालच्या खोबणीतून फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस जातो. फळी फुटली की तो फटीत ओढला जाऊ शकतो. कोरोनल प्रतिमा इथे राजा आहे. पायाचा अंगठा वाकलेलाच राहतो किंवा हलकेच सरळ करताना रुग्ण कळवळतो, अशी नोंद असेल तर हा टेंडन दोनदा पाहावा. टाचेच्या हाडाचा वरचा-मागचा तुकडा जिभेसारखा वर उचलला गेला असेल तर अकिलीस टेंडन त्याला ओढत असतो. टेंडन शाबूत असतो, पण त्या तुकड्याच्या दाबाने मागची त्वचा काही तासांत मरू शकते. तिथे रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता फोन करावा. अकिलीसची पुढून मागे जाडी 6 ते 7 मिमी आणि पुढची कडा सपाट किंवा किंचित खोलगट. ती फुगीर दिसली आणि पुढची चरबी धुरकटली असेल तर टेंडनची जखम धरावी.

न बसणारा सांधा ही टेंडन शोधण्याची दुसरी मोठी खूण. टाचेखालचा सांधा बाहेरच्या बाजूला निसटला तर टिबियालिस पोस्टीरियर टॅलसच्या (घोट्याच्या सांध्यातल्या हाडाच्या) मानेला विळखा घालून आडवा येतो. आतल्या बाजूला निसटला तर एक्सटेन्सर डिजिटोरम ब्रेव्हिस (पावलाच्या पाठीवरचा छोटा स्नायू) आणि टेंडन धरून ठेवणारे समोरचे पट्टे आड येतात. मधल्या पावलाच्या लिस्फ्रँक जखमेत (तिथले सांधे निसटण्याच्या जखमेत) पहिल्या फटीत टिबियालिस अँटीरियर सापडल्याची उदाहरणं आहेत. ‘दोनदा प्रयत्न केला, बसत नाही’ एवढं सर्जनने लिहिलं तरी वाचणाऱ्याला कुठे पाहायचं ते कळतं, पण हे वाक्य मागणीच्या कागदावर सहसा पोचत नाही.

मनगटात टेंडन बारीक, म्हणून अपेक्षाही माफक ठेवावी. अंगठा मागे उचलणारा एक्सटेन्सर पॉलिसिस लाँगस लिस्टर ट्यूबरकलच्या (रेडियस या मनगटावरच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या पाठीवरचा उंचवटा) करंगळीकडच्या बाजूने, अरुंद हाडाळ खोबणीतून जातो. रेडियसच्या फ्रॅक्चरची रेघ त्या उंचवट्यातून गेली आणि पाठीकडचा तुकडा टोकदार वर आला असेल, तर टेंडन त्या टोकावर किंवा फटीत सापडतो. गंमत अशी की हा टेंडन नंतर तुटण्याचा धोका जवळजवळ न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये अधिक असतो. आवरण शाबूत राहतं, आत रक्त साठून दाब वाढतो, आधीच तोकडा असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो आणि काही आठवड्यांनी टेंडन तुटतो. पहिल्या दिवसाच्या सीटीवर तो अगदी निरोगी दिसू शकतो. म्हणून अशा फ्रॅक्चरमध्ये ‘टेंडन सलग’ एवढं लिहून न थांबता रेघ त्या खोबणीतून गेल्याची नोंद करतो. डिस्टल रेडिओ-अल्नर सांधा (मनगटाजवळचा रेडियस आणि अल्ना या दोन हाडांमधला) बसत नसेल तर एक्सटेन्सर कार्पाय अल्नारिस आपल्या खोबणीत आहे का की सांध्यात शिरलाय, हे पाहावं. हॅमेट या मनगटातल्या छोट्या हाडाच्या हुकाचं फ्रॅक्चर जुनं असेल तर त्याच्या खरखरीत कडेवर करंगळीचा फ्लेक्सर घासला जातो. तिथेही नजर टाकावी.

गुडघ्यात टेंडन जाड, त्यामुळे काम सोपं. सॅजिटल (बाजूने पाहिल्यासारख्या) प्रतिमेवर क्वाड्रिसेप्स तुटला असेल तर वाटी खाली उतरते आणि पटेलर टेंडन सैल, नागमोडी दिसतो. पटेलर तुटला असेल तर वाटी वर चढते. इन्सॉल-साल्व्हाटी गुणोत्तर (पटेलर टेंडनची लांबी भागिले वाटीची लांबी) साधारण 0.8 ते 1.2 असतं, पण ते गुडघा थोडा वाकलेला असताना मोजायचं आहे. सीटीत पाय सरळ असतो आणि सरळ पायात निरोगी पटेलर टेंडनही किंचित लहरतो. एकट्या लहरीवर निदान करू नये. फिब्युलाच्या डोक्याचा कपचा निघाला असेल तर बायसेप्स फेमोरिस आणि बाहेरचा लिगामेंट त्याच्याबरोबर गेलेत असं समजावं. गुडघा निखळल्यामुळे अँजिओग्राफी झाली असेल तर तीच मालिका टेंडनसाठीही वापरावी: वाहिन्या उजळलेल्या असल्याने टेंडन आणि वाहिनी यांची गल्लत होत नाही.

खांद्यात एकच गोष्ट आवर्जून: ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) वरच्या टोकाचं बहुतुकडी फ्रॅक्चर किंवा न बसणारा खांदा असेल तर बायसेप्सचं लांब डोकं खोबणीत आहे का की तुकड्यांमध्ये, हे पाहणं. कोपरात ओलेक्रॅनॉनच्या (कोपराच्या मागच्या टोकाच्या) मागचा छोटा कपचा म्हणजे ट्रायसेप्सचं टोक उपटल्याची खूण.

खोटे इशारे देणाऱ्या काही जागा लक्षात ठेवाव्यात. टिबियालिस पोस्टीरियर नॅव्हिक्युलर या पावलातल्या हाडावर चिकटण्याआधी पंख्यासारखा पसरतो आणि फिका दिसतो, ते नैसर्गिक आहे. अ‍ॅक्सेसरी नॅव्हिक्युलरची (तिथलं जन्मजात जादा हाड) कडा गोल आणि कॉर्टेक्सने (हाडाच्या टणक बाह्य थराने) झाकलेली असते, ताज्या कपच्याची एक बाजू कच्ची. पेरोनियस क्वार्टस हा जादा स्नायू असेल तर खोबणीत तीन गोष्टी दिसतात आणि ब्रेव्हिस चिरला असं वाटतं. तळव्यात फ्लेक्सर हॅल्युसिस आणि डिजिटोरम एकमेकांना छेदून जातात. तिथे माग काढताना नावं अदलाबदल होतात. उघड्या जखमेत हवेचे बुडबुडे टेंडनच्या आवरणातून बरेच लांब जातात, त्यावरून टेंडन कापला गेला असं ठरत नाही, मात्र आवरण उघडलं आहे हे नक्की. आणि सूज खूप असेल तर चरबीची मदतच नाहीशी होते. तेव्हा ‘मूल्यमापन मर्यादित’ असं स्पष्ट लिहावं.

ड्युअल एनर्जी (दोन ऊर्जांचे एक्स-रे वापरणाऱ्या) सीटीमध्ये कोलॅजनला, म्हणजे टेंडन ज्याचा बनतो त्या प्रथिनाला, रंग देण्याची सोय आहे. अकिलीस, पटेलर, पेरोनियल अशा जाड टेंडनांवर ती चांगली चालते. बोटांच्या बारीक एक्सटेन्सरवर रंग तुटक येतो आणि तिथे टेंडन तुटल्याचा भास होतो. रंगावरून खंड ठरवायचा नाही, ग्रे प्रतिमा शेजारी हवीच. टेंडनच्या टोकाशी हाडात सूज दाखवणारी कॅल्शियम वजा केलेली प्रतिमा आम्हाला त्याहून उपयोगी वाटते. त्रिमितीय व्हॉल्यूम रेंडरिंगबाबतही रंगासारखीच सावधगिरी हवी. 80 ते 100 युनिटांपासून पारदर्शकता उतरवली की टेंडन हाडावर सुरेख उठून दिसतात, सर्जनला एका नजरेत सरकलेला टेंडन कळतो. पण तो उंबरठा दहा-वीस युनिटांनी हलवला तरी खंड निर्माण होतो किंवा नाहीसा होतो. निदान आधी पातळ स्लाइसवर, चित्र नंतर.

रिपोर्टमध्ये टेंडनसाठी वेगळा परिच्छेद ठेवावा, फ्रॅक्चरच्या वर्णनात तो कोंबू नये. नाव, बाजू, खोबणीत-टोकावर-फटीत, सांध्याच्या पृष्ठभागापासून किती मिमी वर, कोणत्या दोन तुकड्यांमध्ये, आणि मालिका व स्लाइस क्रमांक. शस्त्रक्रियेच्या खोलीत कोणी पूर्ण रिपोर्ट वाचत नाही, स्लाइस क्रमांक मात्र उघडतात. जे पाहिले आणि जागेवर सापडले त्या टेंडनांची नावंही लिहावीत. ‘मऊ ऊती सामान्य’ या तीन शब्दांतून कोणी काय पाहिलं ते कळत नाही. अर्धवट फाटल्याची शंका असेल आणि त्याने निर्णय बदलणार असेल तर सोनोग्राफी सुचवावी: पेरोनियल टेंडन पाऊल वर-बाहेर वळवताना सरकताना प्रत्यक्ष दिसतात. एमआरआयचा विचार प्लेट बसण्याआधीच करावा.

प्लेट बसल्यानंतरच्या सीटीत धातूचे पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर चालू करून आणि न करता, अशा दोन्ही मालिका पाहाव्यात, कारण ते सॉफ्टवेअर कधी कधी धातूला लागून असलेल्या मऊ ऊतीच पुसून टाकतं. ड्युअल एनर्जी असेल तर 110 ते 150 केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या) एकऊर्जा प्रतिमा पट्टे घटवतात, पण टेंडन-स्नायू फरकही फिका होतो. दोन-तीन पातळ्या चाळून मधली निवडावी. स्क्रूची टोकं सगळी मोजून पाहायची. रेडियसच्या पाठीकडे मिलिमीटरभर बाहेर आलेलं टोक साध्या एक्स-रेवर लिस्टर ट्यूबरकलच्या आड लपतं आणि एक्सटेन्सर टेंडनला कापत राहतं. म्हणूनच बरेच सर्जन तिथे मोजलेल्या लांबीपेक्षा सुमारे 2 मिमी आखूड स्क्रू घालतात. तळहाताच्या बाजूला प्लेटची कडा वॉटरशेड रेषेच्या (रेडियसच्या तळहाताकडच्या टोकाजवळचा सगळ्यात पुढे आलेला कंगोरा) पुढे आली असेल तर फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस (हाताचा अंगठा वाकवणारा) तिच्यावर घासतो, आणि टाचेत आतल्या बाजूला निघालेलं टोक थेट फ्लेक्सर हॅल्युसिसच्या खोबणीत असतं. अशा ठिकाणी टेंडन अजून सलग असला तरी स्क्रू क्रमांक, बाहेर आलेली लांबी आणि टेंडनपासूनचं अंतर लिहून सर्जनला त्याच दिवशी कळवतो.